स्वरलेखनाची संगणकीय साधने आणि त्यांनी पाडलेल्या रूढी

महाराष्ट्रात स्वरलिपी छापण्याचा इतिहास जेमतेम दीडशे वर्षांचा आहे. पुण्यात गायन समाज १८७४ साली स्थापन झाला, बडोद्यास मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली निघाली, आणि याच सुमारास चिजा कागदावर उतरवून विद्यार्थ्यांच्या हाती देण्याची कल्पना रुजू लागली. पुढे विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले व आपल्या विद्यालयासाठी स्वतंत्र लेखनपद्धती सिद्ध केली. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ मूळ मराठीतच लिहिली गेली. या दोन पद्धतींच्या गुणदोषांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. संगीताच्या परीक्षांत तो एक ठराविक प्रश्नच होऊन बसला आहे. परंतु या चर्चेत एक बाजू जवळजवळ अस्पर्शित राहिली. ज्या साधनाने स्वर लिहावयाचे ते साधन लिपीला कोणते वळण लावते, याचा विचार क्वचितच झाला. आता स्वरलेखनाचे बहुतेक काम संगणकावर आणि दूरध्वनीच्या पडद्यावर होऊ लागले असल्याने तो विचार लांबणीवर टाकण्यासारखा राहिलेला नाही.

साधन रूढी घडविते याचे सर्वांत परिचित उदाहरण युरोपातील आहे. ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने व्हेनिस येथे १५०१ साली सुट्या खिळ्यांनी बहुस्वरी संगीताचे पहिले पुस्तक छापले. सुट्या खिळ्यांनी छापावयाचे तर प्रत्येक स्वर आपापल्या चौकोनात एकटा उभा राहतो. जलद स्वरांच्या काड्या एका आडव्या पट्टीने जोडून त्यांचा गट दाखविणे त्या पद्धतीत साधत नसे. हस्तलिखितांत लेखणी जे सहज करीत होती ते छपाईत दीर्घकाळ दिसेनासे झाले, आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची रीत रुळल्यावर ते परत आले. म्हणजे काही काळ वाचकाने स्वरांचे जे गट पाहिले नाहीत ते रचनाकाराच्या मनात नव्हते म्हणून नव्हे. छापखान्याच्या पेटीत तसा खिळा नव्हता, एवढेच त्याचे कारण.

आपल्या दोन पद्धतींकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकास खाली बिंदू व तारसप्तकास वर बिंदू अशी योजना आहे. रेघांच्या या दोन्ही खुणा वेदसंहिता छापणाऱ्या मुद्रणालयांत अनुदात्त आणि स्वरित दाखविण्यासाठी तयार असलेल्या खुणांशी मिळत्याजुळत्या आहेत. पलुसकर पद्धतीत कोमल स्वर हलन्ताच्या खुणेने, तीव्र मध्यम तशाच पण उलट फिरविलेल्या खुणेने, मंद्र सप्तक वरच्या बिंदूने आणि तारसप्तक वरच्या उभ्या रेघेने दाखविले जाते. वरचा बिंदू एका पद्धतीत तारसप्तक सांगतो आणि दुसरीत मंद्र, ही गोष्ट नवशिक्याला गोंधळात टाकणारी खरी. तथापि यापेक्षा मूलभूत भेद कालमापनाचा आहे. पलुसकरांच्या लिपीत प्रत्येक स्वराखाली त्याची स्वतःची कालखूण असते: एक मात्रेस आडवी रेघ, अर्ध्या मात्रेस शून्य, पाव मात्रेस अर्धचंद्र. भातखंड्यांच्या लिपीत स्वराला स्वतःचे कालमूल्य नाही. मात्रेचे एक घर, त्या घरात जितके स्वर आणि अवग्रह असतील तितके समभाग, आणि खाली त्यांना बांधणारी कमान, असा तो हिशेब आहे. पहिली पद्धती स्वराला मोजते, दुसरी घराला.

संगणकावर देवनागरी लिहिण्याची आजची व्यवस्था युनिकोड या संकेतमालेवर उभी आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. बाली बेटाच्या लिपीविभागात तेथील संगीताच्या खुणांना २००६ साली स्वतंत्र स्थान मिळाले. वैदिक पठणाच्या अनेक खुणांचा विभाग २००९ साली जोडला गेला. देवनागरी विभागात मात्र स्वरलिपीसाठी म्हणून राखलेली एकही खूण नाही. त्यामुळे लिहिणाऱ्याने दुसऱ्या कामासाठी ठेवलेल्या खुणा उसन्या घेतल्या. कोमलाची रेघ अनुदात्ताची, तीव्र मध्यमाची रेघ उदात्त या नावाने नोंदलेली. रे॒ आणि म॑ असे ते दिसते. तारसप्तकाचा बिंदू अनुस्वाराचा झाला, मंद्राचा बिंदू नुक्त्याचा. डोळ्याला यात वावगे काही जाणवत नाही. पण यंत्राच्या लेखी ‘सां’ हा वरच्या सप्तकातला षड्ज नसून सकाराला आकार व अनुस्वार जोडून झालेले अक्षर आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी मजकूर वाचून दाखविणारे यंत्र त्याचा उच्चार ‘साम्’च्या जवळपास करणार, आणि हिंदुस्थानी संगीत शिकणाऱ्यांत दृष्टिहीनांचे स्थान काय आहे हे सांगण्याची गरज नाही. मंद्र षड्जाचे तर आणखी विचित्र आहे. हाताने लिहिणारा आधी ‘सा’ लिहितो आणि मग त्याखाली बिंदू देतो. यंत्राला बिंदू व्यंजनानंतर लगेच, आकारापूर्वी हवा असतो; क्रम चुकल्यास ते पुष्कळदा ठिपक्यांचे एक रिकामे वर्तुळ उमटविते.

ही झाली माहीतगाराची रीत. सामान्य लेखक इतक्या खोलात जात नाही. तो शब्दाखाली रेघ ओढण्याची जी सोय लेखन-आज्ञावलीत असते तिनेच कोमल स्वर दाखवितो. पानावर ते उत्तम दिसते. पण ही रेघ अक्षराचा भाग नसते. ती अक्षरावर चढविलेली सजावट असते, आणि तोच मजकूर एका ठिकाणाहून उचलून साध्या संदेशात टाकला की सजावट गळून पडते. मालकंसाचे स्वर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. हिंडोलाचे सा, ग, तीव्र म, ध, नि. खुणा गळाल्या की दोन्ही रागांची अक्षरे ‘सा ग म ध नि’ अशी एकच होतात. भैरव, भैरवी, तोडी आणि यमन यांच्या आरोहाची अक्षरे बिलावलाहून वेगळी काढता येत नाहीत. ज्या दहा थाटांवर भातखंड्यांनी आपली सारी मांडणी उभारली ते दहाही थाट एका क्षणात एक होतात. यातली खरी अडचण अशी की चूक आरंभी दिसत नाही. विद्यार्थी भूपाली आणि दुर्गा या रागांपासून सुरुवात करतो. त्यांत सर्व स्वर शुद्धच असल्याने गळण्यासारखे काही नसते. त्या कागदांवर त्याचा विश्वास बसतो, आणि भैरवाशी पोहोचेपर्यंत त्या कागदांची परीक्षा करण्याचे त्याला कारणच पडत नाही. घरात गुरू असेल तर एका तासात हे सुधारते. सोलापूर, बार्शी, पंढरपूर अशा ठिकाणी आठवड्याला एकदा शिकवणीस जाणाऱ्या आणि उरलेले सहा दिवस पडद्यावरच्या कागदावर विसंबणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत ते इतके सोपे नाही.

पलुसकर लिपीवर या साधनांनी केलेला आघात याहून मोठा आहे. कोमल गांधार म्हणजे हलन्त ग. आता देवनागरीत हलन्त व्यंजनापुढे दुसरे व्यंजन आले की यंत्र त्यांचे जोडाक्षर करते. ते त्याचे कर्तव्यच आहे. म्हणून कोमल गांधारापुढे ऋषभ लिहिला की कागदावर ‘ग्रे’ असे अक्षर उमटते, आणि कोमल धैवतापुढे पंचम लिहिला की ‘ध्प’. कोमल ऋषभ व कोमल निषाद यांची अडचण वेगळी आहे: ‘रे’ आणि ‘नि’ यांना आधीच स्वरचिन्ह असल्याने त्यांच्यापुढे हलन्त यंत्राला मान्यच नाही, तेथे पुन्हा ठिपक्यांचे वर्तुळ येते. मधे एक अदृश्य विभाजक घालून जोडाक्षर टाळता येते, परंतु ही युक्ती संगीतशिक्षकास ठाऊक असावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परिणाम असा की पलुसकर परंपरेत वाढलेला शिक्षकसुद्धा टंकलेखनास बसला की भातखंडे लिपीत लिहू लागतो. भातखंडे लिपीचा वरचष्मा संगणकाने निर्माण केला असे मात्र म्हणता येणार नाही. लखनौचे मॅरिस कॉलेज (१९२६) आणि क्रमिक पुस्तकांची हिंदी भाषांतरे यांनी तो पूर्वीच प्रस्थापित केला होता. विनायकराव पटवर्धनांचे ‘राग विज्ञान’ आणि बी. आर. देवधरांचे ‘रागबोध’ ही पुस्तके दुसऱ्या परंपरेची साक्ष देत उभी होती, एवढेच. फरक हा की पूर्वी दोन लिपींतील निवड ही मतभेदाची बाब होती. आता ती कळफलकाने परस्पर केलेली निवड आहे, आणि तिच्या बाजूने कोणीही युक्तिवाद केलेला नाही.

यात एक विसंगती आहे आणि ती ध्यानात घेण्याजोगी आहे. पाश्चात्य स्टाफ नोटेशन लिहिणाऱ्या आज्ञावलींत प्रत्येक स्वर आपले कालमूल्य बरोबर घेऊन येतो. पलुसकरांच्या लिपीचे तत्त्व नेमके तेच. उलट भातखंड्यांची घरांची मांडणी हिशेबाच्या तक्त्याशी जुळते, आणि म्हणूनच त्रितालाच्या सोळा मात्रांसाठी सोळा रकाने आखून बंदिश भरण्याची रीत इतकी लवकर पसरली. अक्षरलेखनाच्या पातळीवर जी लिपी मेटाकुटीस आली ती संकल्पनेच्या पातळीवर यंत्राला अधिक समजण्यासारखी होती. देवनागरी स्वरलिपीसाठी खास आज्ञावली रचणाऱ्यांनी या गोष्टीचा लाभ घेतल्याचे दिसत नाही. त्यांनीही बहुधा तक्ताच पुढे चालविला.

छोट्या रूढींतून होणारे बदल अधिक फसवे असतात. स्वर लांबविण्यासाठी भातखंडे लिपीत आडवी रेघ आणि शब्दाचा उच्चार लांबविण्यासाठी अवग्रह वापरतात. समजा, एका मात्रेच्या घरात ‘सा--रे’ लिहिले. चार भाग झाले. षड्ज पाऊण मात्रा, ऋषभ पाव मात्रा. लेखन-आज्ञावलीला दोन लहान रेघा शेजारी दिसल्या की ती त्यांची एक लांब रेघ करते, कारण इंग्रजी गद्यात तसे करणे शिष्टसंमत आहे. आता घरात तीनच भाग उरले: षड्ज दोन तृतीयांश, ऋषभ एक तृतीयांश. चौपटीची लय तिपटीची झाली. लिहिणाऱ्याने काही बदलले नाही, वाचणाऱ्याला शंका येण्याचे कारण नाही, आणि तबलजीशी गाठ पडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. रोमन अक्षरांत लिहिण्याची जी रीत परदेशस्थ मराठी कुटुंबांत आणि आता येथेही चालते तिच्यात कोमल स्वरास लहान अक्षर व शुद्धास मोठे, मध्यमाच्या बाबतीत शुद्धास लहान व तीव्रास मोठे, असा संकेत आहे. संकेत म्हणून तो नीटस आहे. पण दूरध्वनी ओळीचे पहिले अक्षर आपण होऊन मोठे करतो. ओळ कोमल ऋषभाने सुरू होत असेल तर तो शुद्ध होऊन बसतो.

या ठिकाणी बंगालकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ज्योतिरिंद्रनाथ ठाकुरांच्या नावाशी जोडलेल्या आकारमात्रिक स्वरलिपीत कोमल ऋषभासाठी ‘ऋ’, कोमल गांधारासाठी ‘ज्ञ’, तीव्र मध्यमासाठी ‘ह्म’, कोमल धैवतासाठी ‘द’ आणि कोमल निषादासाठी ‘ण’ अशी स्वतंत्र अक्षरेच योजिली आहेत. विकृत स्वर ही शुद्ध स्वराला लावलेली खूण न राहता स्वतःच्या नावाचा स्वर झाला. रवींद्रसंगीताचे स्वरलेखन या पद्धतीत आहे. ते साध्या संदेशातून पाठविले, फाँट बदलला, तरी कोमल स्वर कोमलच राहतो. ज्या काळात ही लिपी ठरली त्या काळात संगणकाचा विचार अर्थातच कोणाच्या मनात नव्हता. तरी सुटी खूण गळण्याचा धोका खिळ्यांच्या छपाईतही होता, आणि स्वतंत्र अक्षराने तो आपोआप टळला. मराठीत असे काही का घडले नाही, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

सोलापूरच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकत्र नांदणाऱ्या या शहरात एकाच गल्लीत हिंदुस्थानी बंदिशी देवनागरीत आणि कर्नाटकी कृती तेलुगू वा कानडी लिपीत लिहिलेल्या सापडू शकतात. कर्नाटकी लेखनात काल दाखविण्यासाठी ऱ्हस्व-दीर्घ अक्षरे, स्वल्पविराम आणि अर्धविराम वापरतात. म्हणजे विरामचिन्हांनाच मात्रेचे मूल्य आहे. ही चिन्हे प्रत्येक कळफलकावर असल्याने ते लेखन पडद्यावर बरेचसे अबाधित राहते. मात्र त्याच परंपरेने एकदा मोठी किंमत मोजली आहे. सुब्बराम दीक्षितरांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा तेलुगू ग्रंथ १९०४ साली एट्टयपुरम येथे छापला गेला. त्यात प्रत्येक गमकप्रकारास वेगळी खूण होती. इतरत्र छापलेल्या नंतरच्या पुस्तकांतून या खुणा बव्हंशी गळाल्या, उघडे स्वर राहिले, आणि गमक गुरुमुखातूनच घ्यावयाचे ही समजूत जणू लिपीचा निसर्गनियम असल्याप्रमाणे दृढ झाली. दीक्षितरांनी तसा नियम मानला नव्हता.

हिंदुस्थानी लेखनातील कणस्वर आणि मींड यांची आज तीच गत होऊ घातली आहे. भातखंडे लिपीत कणस्वर मुख्य स्वराच्या डोक्यावर डावीकडे लहान आकारात आणि मींड वरच्या कमानीने लिहिली जाते. साध्या मजकुरात दोन्ही अशक्य आहेत. कंसातला स्वर मात्र टिकला, कारण कंस कळफलकावर आहे: ‘(प)’ म्हणजे ‘धपमप’ हे वळण आजही टंकित कागदांत भेटते. खटका उरला आणि मींड गेली. दरबारी कानड्याचा गांधार कसा लागतो हे मुळातच कागदावर फारसे येत नव्हते. आता जेवढे येत होते तेवढेही येत नाही. जकार्डच्या मागावर चादर विणणाऱ्या येथील कारागिरांना ही अवस्था अपरिचित वाटू नये. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते, मग पत्त्यांना भोके पडतात, आणि वेलीचे वळण चौकटीत बसताना पायऱ्यापायऱ्यांचे होते. फरक असा की जुना नक्षीकार त्या पायऱ्या जाणून घेऊन रेखाटन करीत असे. टंकलेखकाला आपल्या हातून पायरी पडली हे कळतच नाही.

सगळेच बदल हानिकारक आहेत असे मात्र नाही. मात्रेखालची कमान पडद्यावर उमटत नाही म्हणून लोकांनी एका मात्रेचे स्वर जोडून आणि दोन मात्रांमध्ये जागा सोडून लिहिण्यास आरंभ केला: ‘सारे ग मप ध’. ही रीत कोणत्या संस्थेने ठरविली नाही. कमानीपेक्षा ती वाचावयास सोपी आहे, लिहावयास तर आहेच, आणि खिळ्यांच्या काळात कमानी थोड्या सरकल्या की होणारा घोटाळा तिच्यात होत नाही. ही सुधारणा छापील पुस्तकांनीही स्वीकारण्यासारखी आहे.

पाश्चात्य आज्ञावलींतून हिंदुस्थानी संगीत लिहिण्याच्या प्रयत्नांबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तो वाद जुनाच आहे. अर्नेस्ट क्लेमंट्स आणि कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींच्या सिद्धांतासाठी श्रुतिपेटी पुढे आणली. १९१६ च्या बडोदे परिषदेत ती मान्य झाली नाही. परंतु त्यांना निदान इतके ठाऊक होते की बाराच स्वरांची पेटी हे एक ठाम मत आहे. आजची आज्ञावली तेच मत न बोलता बाळगते. नवे पान उघडले की चार मात्रांचे भाग आखलेले असतात, लिहिलेले वाजवून दाखविताना बारा सारख्या अंतरांचे सूर वाजतात, आणि लय सांगितली नाही तर मिनिटास १२० ठोके धरले जातात. विलंबित एकतालातली एक मात्रा चार-पाच सेकंदांची असू शकते. हे सारे बदलता येते, हे खरे. पण बदलावयास हवे हे ज्याला कळते त्याला स्वरलिपीची गरज कमी असते. आलापाची गोष्ट त्याहून अवघड, कारण तालाचे भाग नसलेले पान या आज्ञावलींना अपवाद म्हणूनच माहीत आहे.

राहिला जतनाचा प्रश्न. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणीत प्रत्येक फाँटची स्वतःची संकेतमाला असे. त्या काळात जुळविलेल्या पुस्तकांचा मजकूर आता नव्या संकेतमालेत बदलून घेता येतो. पण हे रूपांतर अक्षरांचे असते. स्वरांच्या खुणा जुळणी करणाऱ्याने जिथे रिकामी जागा सापडली तिथे बसविलेल्या असत, आणि रूपांतरात त्यांच्या जागी भलतीच अक्षरे येतात किंवा काहीच येत नाही. स्टाफ नोटेशनच्या क्षेत्रात १९८८ साली निघालेली ‘फिनाले’ ही आज्ञावली तिच्या उत्पादकांनी २०२४ साली बंद केली, तेव्हा जगभरच्या रचनाकारांपुढे असाच प्रश्न उभा राहिला. त्यांच्यापाशी मात्र एक आधार होता: म्युझिकएक्सएमएल ही एका आज्ञावलीतून दुसरीत मजकूर नेण्याची सामाईक भाषा. भातखंडे वा पलुसकर लिपीसाठी तशी सर्वमान्य भाषा अद्याप नाही.

ती रचावयाची झाल्यास आरंभ खुणांपासून न करता अर्थापासून केला पाहिजे. स्वराचे नाव, त्याचे शुद्धविकृतत्व, सप्तक, मात्रेतील त्याचा भाग, त्याला लागलेला कण, पुढच्या स्वराकडे जाणारी मींड, त्याखालचे गीताक्षर, एवढे एकदा नोंदले गेले की तेच पान भातखंडे, पलुसकर, आकारमात्रिक किंवा तेलुगू लिपीत उमटविणे हे यंत्राचे काम होय. कोमल स्वराची रेघ मग सजावट राहणार नाही, आणि हलन्त ग पुढच्या ऋषभाला चिकटणार नाही. हे काम संगणकशास्त्राच्या विभागांना एकट्याने जमणारे नाही, कारण कणस्वर कोठे संपतो आणि मुख्य स्वर कोठे सुरू होतो हा निर्णय गाणाऱ्याचा आहे; आणि केवळ गायकांनाही नाही, कारण जोडाक्षर का होते हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. तोवर निदान परीक्षार्थींना दिल्या जाणाऱ्या कागदांच्या आरंभी रागाचे कोमल-तीव्र स्वर शब्दांत लिहावेत, एवढी खबरदारी कोणत्याही शिक्षकास घेता येईल. ‘गांधार, धैवत, निषाद कोमल’ हे शब्द कोणत्याही संदेशातून गळत नाहीत.

दोन्ही लिपींची तुलना विचारणारा प्रश्न परीक्षेत येतो तेव्हा त्याचे उत्तर हातानेच लिहावे लागते. पलुसकरांची कालखूण स्वराखाली आपल्या हाताने काढण्याचा प्रसंग आज बहुतेक विद्यार्थ्यांवर तेवढ्या एका पानापुरताच येतो.